पिशवीवर पूर्ण शास्त्रीय नाव लिहून देणारं दुकान: स्नोफ्लेक मोरे ईल मागवल्याचा अनुभव

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली सांगते, पण आधी एवढंच सांगते की खाऱ्या पाण्यातला ईल, म्हणजे सापासारखा लांब मासा, ऑनलाइन मागवायचा असेल तर या दुकानातून डोळे झाकून मागवा. मासा येऊन आठ महिने झालेत, मी मुद्दाम थांबले होते लिहायला, कारण मोरे ईल आल्या दिवशी कसा दिसतो यावरून काहीच कळत नाही, पहिले काही दिवस तो दगडाच्या फटीतून नाकसुद्धा बाहेर काढत नाही, तो खायला लागला आणि महिनोन्महिने खात राहिला तरच म्हणायचं की दुकानदाराने मासा नीट दिला.

थर्माकोलचा बॉक्स उघडला तर आत दुहेरी पिशवी, बाहेरून काळा कागद गुंडाळलेला म्हणजे माशाला उजेडाचा त्रास नको, आणि पिशवीवर पाण्याने न पुसणाऱ्या पेनाने लिहिलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर काय होतं ते जसंच्या तसं सांगते: एकिडना नेब्युलोसा, त्याच्यापुढे कंसात आल, १७८९. खाली पाण्याची ग्रॅव्हिटी (खारटपणा दाखवणारं घनतेचं माप) १.०२५, शेवटचं खाणं कधी दिलं ती तारीख, काय दिलं तर कोळंबीचा तुकडा, आणि चिमट्याने खातो असं. बस्स, एवढंच. पण मी इतकी वर्षं मासे पाळतेय, इतक्या ठिकाणांहून मागवलेत, आजपर्यंत एकाही दुकानाने मला शास्त्रीय नाव, ते कोणी दिलं आणि कुठल्या साली दिलं इथपर्यंत लिहून पाठवलेलं नाही.

आता कोणी म्हणेल की नावाचं एवढं काय, मासा चांगला आला ना मग झालं. तर माझ्या बाबतीत नावामुळेच एक जीव गेलाय म्हणून मला याचं एवढं वाटतं. याच्या आधी मी दुसरीकडून एक ईल आणला होता, पाटीवर लिहिलेलं 'गोड्या पाण्यातला स्नोफ्लेक ईल', शास्त्रीय नाव काहीच नाही. मी विचारलंसुद्धा की मोरे ईल गोड्या पाण्यात राहतो का, तर म्हणाले हो हो हा वेगळा आहे, आरामात राहतो. ठेवला. दोन आठवडे खाल्लं, मग बंद. अंगावर पांढरट थर यायला लागला, मी पाणी बदलत राहिले, औषधं शोधत राहिले, आणि तिसऱ्या महिन्यात गेला. नंतर फोटो लावून लावून शोधलं तेव्हा कळलं की तो जिम्नोथोरॅक्स टिले होता, गंगेच्या मुखाजवळच्या निमखाऱ्या पाण्यातला मोरे, फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवर लिहिताना त्याचं वर्णन केलेलं आहे. म्हणजे दोनशे वर्षांपासून माहिती होतं की हा कुठला मासा आहे आणि कुठल्या पाण्यातला आहे. गोड्या पाण्यात तो काही दिवस तग धरतो म्हणून त्याला गोड्या पाण्यातला म्हणून विकतात. पाटीवर खरं नाव असतं तर मी पहिल्या संध्याकाळीच पाण्यात मीठ वाढवायला घेतलं असतं. त्यात आणि माझ्या आत्ताच्या माशात 'स्नोफ्लेक' हा एक शब्द सोडला तर जीनस (जवळच्या जातींचा गट) वेगळी, पाणीही वेगळं.

म्हणून ती चिठ्ठी बघून मला खरंच भरून आलं.

चिठ्ठीवरचा तो कंस पण उगाच नाही बरं का. प्राण्यांच्या नावांचा नियम असा आहे की ज्याने जातीचं नाव दिलं त्याचं नाव आणि साल पुढे लिहायचं, आणि नंतर ती जात दुसऱ्या जीनसमध्ये हलवली गेली असेल तर ते कंसात टाकायचं. योनास आल नावाचे स्वीडिश अभ्यासक, त्यांनी १७८९ मध्ये याला म्युरेना नेब्युलोसा म्हटलं होतं, त्या काळी ईलसारखं दिसणारं बरंच काही म्युरेनामध्येच टाकत. नंतर हा एकिडनामध्ये आला, म्हणून कंस. म्हणजे तो कंस दिसला की समजायचं हा मासा आधी दुसऱ्या घरात होता. मला हे आधी माहिती नव्हतं, दुकानाच्या चॅटवर ज्या ताई होत्या त्यांनाच मी विचारलं की कंस चुकून पडलाय का, तर त्यांनी दोन ओळींत समजावून सांगितलं, अजिबात घाई नाही, तुम्हाला कशाला हवंय असा सूर नाही.

नेब्युलोसा म्हणजे लॅटिनमध्ये ढगाळ, धुकट. आणि बाजारात म्हणतात स्नोफ्लेक, म्हणजे बर्फाचा कण. मासा समोर आला की दोन्ही पटतात. अंग पांढरट, त्यावर काळ्या नक्षीदार डागांच्या दोन रांगा डोक्यापासून शेपटीपर्यंत, डागांच्या कडा फाटल्यासारख्या फुटलेल्या, आणि प्रत्येक काळ्या डागात पिवळे ठिपके. डोळा पिवळा, आणि नाकाच्या पुढच्या दोन नळ्या पण पिवळ्याजर्द. ओळखायचं असेल तर या नाकाच्या नळ्या आणि ते डाग बघा, फोटोत रंग फसवतात पण हे फसवत नाही.

एकिडना हा शब्द ग्रीक, अर्थ विषारी साप. हे जीनसचं नाव योहान राइनहोल्ड फोर्स्टर यांनी १७८८ मध्ये दिलं, हे तेच फोर्स्टर जे कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर गेले होते. आणि यात एक गंमतीची गोष्ट आहे जी मला फार आवडते. ऑस्ट्रेलियातला काटेरी अंगाचा, अंडी घालणारा तो सस्तन प्राणी, एकिडना म्हणतात तोच, त्यालाही फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी एकिडनाच नाव देऊन टाकलं होतं, पण ते नाव माशाने आधीच घेतलेलं! दोन प्राण्यांच्या जीनसला एकच नाव चालत नाही, मग इलिगर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी १८११ मध्ये त्याला टॅकिग्लॉसस म्हटलं. लोकांच्या तोंडी तो अजून एकिडनाच आहे, पण कागदोपत्री खरा एकिडना माझ्या टाकीत दगडाखाली बसलाय.

आता वर्गीकरणाचं पूर्ण सांगते कारण अर्धा स्टार त्यातच गेलाय. संघ कॉर्डाटा, वर्ग ॲक्टिनोप्टेरिजी म्हणजे पर काट्यांवर ताणलेले असणारे मासे, गण अँग्विलिफॉर्मिस म्हणजे सगळे खरे ईल, कुळ म्युरेनिडी म्हणजे मोरे, त्यात उपकुळ म्युरेनिनी, मग प्रजाती एकिडना आणि जाती नेब्युलोसा. शाळेच्या पुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज असं आहे, बोलताना लोक दोन्हीला प्रजाती म्हणतात, मी इथे पुस्तकाप्रमाणे लिहितेय. म्युरेनिडी कुळात जवळपास दोनशे जाती आहेत आणि त्यातल्या शंभरावर एकट्या जिम्नोथोरॅक्समध्ये. मराठीत वाम म्हणतात ते पण ईलच, पण त्यांचं कुळ वेगळं, त्यामुळे वामवरून मोरेचा अंदाज बांधायला जाऊ नका.

तर बॉक्समध्ये चिठ्ठीशिवाय एक छापील माहितीपत्रक पण होतं आणि त्यात कुळ छापलेलं अँग्विलिडी. हे सपशेल चूक. अँग्विलिडी म्हणजे ते ईल जे नदीत वाढतात आणि अंडी घालायला समुद्रात जातात. त्यांना छातीचे पर असतात, मोरेला छातीचेही नसतात आणि पोटाचेही नसतात. अँग्विलाच्या कातडीत बारीक खवले गाडलेले असतात, मोरेला खवले अजिबात नाहीत, नुसती जाड कातडी आणि त्यावर बुळबुळीत थर. एक ओळ चुकली म्हणून कोणाला वाटेल काय झालं, पण कोणी नवीन माणूस ते कुळ वाचून शोधायला गेला तर त्याला नदीतल्या ईलची माहिती मिळणार, आणि मग परत तेच, गोडं पाणी आणि मेलेला मासा. मी फोटो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की बरोबर आहे, चूक आमची, आणि नवीन पत्रक मेल केलं, त्यात म्युरेनिडी होतं. इतक्या पटकन चूक मान्य करणारं दुकान मी बघितलं नाही, तरी पण अर्धा स्टार कापतेय कारण छापायच्या आधी एकदा तपासायला हवं होतं आणि ज्यांना आधीच जुनं पत्रक गेलंय त्यांना कोण सांगणार.

दातांबद्दल पत्रकात मस्त लिहिलंय, ते मात्र शंभर टक्के बरोबर, आणि माझ्या मते मासा घ्यायच्या आधी प्रत्येकाने तेवढा भाग वाचावा. जिम्नोथोरॅक्समधल्या बऱ्याच मोरेंचे दात लांब, सुळ्यांसारखे, मासे पकडणारे. एकिडनाचे दात बोथट, टाळूवर तर खड्यांसारखे बसवलेले, खेकड्याचं कवच फोडायला. जबड्याने दाबून चिरडतो हा. मी स्वतः बघितलंय, एकदा तो काचेजवळ तोंड उघडून बसला होता, मी टॉर्च मारला तर आत टाळूला बारीक गोल गोल पांढरे दाणे, एकही सुळा नाही. म्हणजे टाकीत इतर मासे असतील तर हा मोरे त्यातल्या त्यात बरा, आणि खेकडे, शोभेच्या कोळंब्या असतील तर त्यांचं काही खरं नाही. माझ्या टाकीत साफसफाईला ठेवलेली एक कोळंबी होती, पत्रक वाचून मी ती आधीच दुसरीकडे हलवली.

हे बोथट दात बघून मला वाटायचं की असे दातवाले सगळे मोरे एकमेकांचे जवळचे नातेवाईक असणार. झेब्रा मोरे म्हणजे जिम्नोम्युरेना झेब्रा, त्याचेही दात असेच खड्यांसारखे, पूर्वी त्यालाही एकिडना झेब्राच म्हणत. पण २०१० मध्ये मोरे ईलच्या डीएनएवर एक मोठा अभ्यास झाला त्यात दिसलं की कवच फोडणारा जबडा या कुळात एकदाच नाही, वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे तयार झालाय. म्हणजे दात सारखे म्हणून भाऊ म्हणायचं असं नाही चालत. मी हे ताईंना पाठवलं तर त्या म्हणाल्या आम्ही वाचलंय, म्हणूनच साइटवर झेब्रा वेगळ्या पानावर ठेवलाय. मासे विकणारं दुकान असं बोलतं याचा मला फार आनंद झाला हो.

खाण्याचं सांगते. पहिले नऊ दिवस काही नाही. मी घाबरले, कारण आधीचा अनुभव. चॅटवर विचारलं तर सांगितलं की नवीन जागेत मोरे आठवडा दोन आठवडे उपाशी राहू शकतो, रोज संध्याकाळी दिवे बंद झाल्यावर लांब चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून फटीच्या तोंडाशी एक मिनिट हलवा आणि नाही घेतला तर काढून टाका, पाण्यात सडू देऊ नका. दहाव्या दिवशी आधी त्या पिवळ्या नळ्या बाहेर आल्या, मग नाक इकडे तिकडे, याची नजर कमजोर असते आणि सगळा भरवसा वासावर, तुकडा समोर असून दोनदा बाजूच्या दगडाला तोंड लावलं आणि तिसऱ्यांदा पकडला. पकडल्यावर जे होतं ते बघण्यासारखं असतं. मोरेच्या घशात जबड्याची दुसरी जोडी असते, पुढच्या जबड्याने पकडलं की ती मागची जोडी पुढे सरकते, घास धरते आणि आत ओढून नेते. बाकीचे बहुतेक मासे पाणी शोषून घास आत ओढतात, मोरेला अरुंद फटीत तोंड मोठं फुगवायला जागा नसते म्हणून ही सोय. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ मध्ये हे दाखवलं, दुसऱ्या एका मोरेवर. बाहेरून आपल्याला दुसरा जबडा दिसत नाही, पण डोक्यामागचा गळा एक झटका देऊन फुगतो आणि घास सरकलेला कळतो. मोठा तुकडा दिला तर स्वतःच्या शेपटीची गाठ मारतो, ती गाठ अंगावरून पुढे डोक्यापर्यंत सरकवतो आणि तिचा टेकू घेऊन तुकडा ओढतो, मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास टाकीसमोरून हलले नाही.

आणि ही जात पाण्याबाहेर पण गिळू शकते! २०२१ मध्ये रीटा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्नोफ्लेक मोरेवरच काम करून दाखवलं, टाकीत उतरती फळी लावली आणि हे ईल फळीवर येऊन पाण्याबाहेरच घास गिळत होते. खेकड्यामागे खडकावर येणाऱ्या माशाला त्याचा उपयोग होणारच. हे मी माहिती म्हणून नाही सांगत, झाकणाचा विचार करा म्हणून सांगतेय. दुकानाने ऑर्डर घ्यायच्या आधी मला झाकणाचा फोटो मागितला होता. खरंच. फिल्टरच्या पाइपसाठी मागे जी फट होती ती त्यांनी फोटोवर लाल गोल करून पाठवली आणि म्हणाले ही बंद केल्याचा फोटो पाठवा मग पार्सल निघेल. तेव्हा मला जरा जास्तच वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात रात्री टाकीतून आवाज आला म्हणून बघितलं तर बरोबर त्याच कोपऱ्यात जाळीला नाक लावून ढकलत होता. फट उघडी असती तर सकाळी मला तो जमिनीवर सापडला असता.

तोंड सतत उघडं-बंद करतो म्हणून घाबरून चॅटवर विचारणारे खूप येतात असं ताई म्हणाल्या. तो श्वास घेतोय. मोरेचं कल्ल्याचं भोक लहान गोल असतं, इतर माशांसारखं मोठं झाकण हलवून पाणी फिरवता येत नाही, म्हणून तोंडाने पाणी ढकलतो. तो काही तुमच्यावर चिडलेला नसतो. तरी हात घालून खायला देऊ नका, वासाने बोट आणि कोळंबी यात त्याला फरक कळत नाही.

औषधाचं एक महत्त्वाचं, तांब्याची औषधं खवले नसलेल्या माशाला सोसत नाहीत, हे दुकानाने बिलावर सुद्धा शिक्का मारून लिहिलंय. आणि नुसती कोळंबी रोज देऊ नका असं पण सांगितलं, थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व कमी पडतं, आलटून पालटून स्क्विड, खेकडा, शिंपल्याचं मांस द्या.

मासा समुद्रातून पकडलेला आहे हे साइटवर स्पष्ट लिहिलंय, टाकीत वाढवलेला वगैरे खोटं नाही. विक्रीला येणारे मोरे बहुतेक सगळे पकडलेलेच असतात, कारण यांची पिल्लं म्हणजे लेप्टोसेफॅलस, पारदर्शक पानासारखी चपटी, समुद्रात किती तरी दिवस वाहत फिरतात, ती टाकीत वाढवणं सोपं नाही. त्या वाहण्यामुळेच तर हा मासा तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून हवाईपर्यंत आणि पार मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत सापडतो. जात धोक्यात नाही. पण एक एक जीव समुद्रातून उचललेला आहे हे माहिती असलं की माणूस जास्त जपतो, निदान मी तरी.

डिलिव्हरी एक दिवस उशिरा झाली, पण त्यांनी आधी फोन करून सांगितलं आणि पिशवीत ऑक्सिजन भरपूर होता, त्याचे मार्क मी कापले नाहीत. पत्रकातली पूर्ण वाढीची लांबी पण बरोबर, एक मीटर, बरीच दुकानं अर्धी सांगतात म्हणजे लहान टाकीवाले पण घेतील. माझा आला तेव्हा साधारण वीतभर होता, आता दीड वीत झाला असेल, मोजायला काही तो सरळ होत नाही.

गेल्या महिन्यात मी झेब्रा मोरे पण मागितला. त्यांनी आधी टाकीची लांबी, रुंदी, लिटर विचारलं, मी सांगितलं, थोड्या वेळाने ताईंचा मेसेज आला की झेब्रा दीड मीटर होतो, तुमच्या टाकीत दोघे बसणार नाहीत, मोठी टाकी घेतली की सांगा तोपर्यंत आम्ही पाठवणार नाही. पैसे भरलेले ते त्याच दिवशी परत आले.